कबुलीजबाब आणि आत्मकथन: ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची मराठी पुस्तके

हजेरी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना शाळा आठवते. मास्तर पटावरचे नाव पुकारतात आणि मूल ‘हजर’ म्हणते. महाराष्ट्रातल्या कैकाडी, रामोशी, पारधी, कंजारभाट, मातंग अशा समाजांतल्या कित्येक घरांमध्ये मात्र हा शब्द आजोबा-पणजोबांच्या आठवणीत वेगळ्या अर्थाने रुतलेला आहे. तिथे हजेरी म्हणजे पोलीस पाटलाच्या दारात किंवा चौकीवर जाऊन ‘मी गावातच आहे, कुठे चोरी करायला गेलेलो नाही’ हे रोज सिद्ध करणे. ज्याने आयुष्यात कधी चोरी केली नाही त्यालाही ही हजेरी चुकत नव्हती, कारण ती त्याच्या हातून घडलेल्या कृत्यासाठी नव्हती, तर तो ज्या घरात जन्मला त्या घरासाठी होती.

सामाजिक वर्ग, पूर्वग्रह आणि जमातीची ओळख हे तीन शब्द साहित्यावर बोलताना वारंवार येतात आणि पुष्कळदा एकमेकांत मिसळून जातात. वर्ग म्हणजे माणूस काय करून पोट भरतो आणि त्याच्या हाती जमीन, पैसा किंवा नोकरी आहे की नाही, याचा हिशोब. जमातीची ओळख म्हणजे त्याची घरात बोलली जाणारी भाषा, त्याचे दैवत, त्याच्या सोयरिकी, त्याची पंचायत. पूर्वग्रह म्हणजे माणूस समोर येण्याआधीच त्याच्याविषयी ठरवून ठेवलेले मत. या तिन्हींची गाठ कशी बसते हे समजून घ्यायचे असेल, तर विमुक्त, म्हणजे पूर्वी कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या, आणि भटक्या जमातींतील लेखकांनी मराठीत लिहिलेल्या आत्मकथनांइतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे दिसत नाही. इथे पूर्वग्रहाला कायद्याचा शिक्का मिळाला होता, आणि तो शिक्का पुसण्याचे काम पुढे पुस्तकांना करावे लागले.

आधी तो कायदा पाहू. 1871 साली ब्रिटिश सरकारने ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ संमत केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानच्या काही भागांपुरता होता. 1911 च्या सुधारित कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला आणि 1924 मध्ये त्याची पुन्हा एकत्रित मांडणी झाली. एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग पद्धतशीर गुन्हे करण्याला सरावलेला आहे असे सरकारला वाटले, की राजपत्रात तसे जाहीर करता येत असे, आणि त्या जाहीरनाम्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. त्यानंतर त्या समाजातील लोकांची नोंदवही तयार होई, बोटांचे ठसे घेतले जात, हजेरी सुरू होई, आणि गावाबाहेर जायचे तर परवाना लागे. परवान्याशिवाय बाहेर सापडणे हाच गुन्हा होता. काही समाजांना तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींमध्ये ठेवण्यात आले. सोलापूर, विजापूर, हुबळी इथे अशा वसाहती होत्या. सोलापुरात तो शब्द अजून जिवंत आहे, ‘सेटलमेंट’ म्हटले की रिक्षावाल्याला कुठे जायचे ते कळते. सोलापूरच्या कापड गिरण्यांना या वसाहतीतून मजूर मिळत, हे विसरून चालणार नाही. ज्यांना समाजाला धोकादायक म्हणून कोंडले होते, तेच लोक गिरणीच्या यंत्रापुढे उपयोगाचे होते.

हा कायदा करणाऱ्यांचा युक्तिवाद ऐकला तर आपल्यालाच ओशाळवाणे वाटते, कारण तो त्यांनी आपल्याकडूनच घेतला होता. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा चोराचा मुलगाही चोरच होणार, असा तो होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये जातिव्यवस्थेवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात म्हटले होते की, जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्या विभागणीत गुन्ह्याचाही एक कप्पा घातला आणि त्यात कोणाला टाकायचे ते स्वतः ठरवले.

ज्यांना त्या कप्प्यात टाकले त्यांचे धंदे नेमके त्याच शतकात मोडत होते, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. बंजारे बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ वाहून नेत. 1853 नंतर आगगाडीचे जाळे पसरत गेले तसा तो व्यापार संपत गेला. पारधी रानात जाळी लावून शिकार करत. 1878 च्या वन कायद्याने रान सरकारचे झाले. रामोशी आणि बेरड गडांची व गावांची राखण करत. नव्या राज्यात गड ओस पडले आणि राखणीचे काम पोलीस खात्याकडे गेले. उमाजी नाईकांचे बंड याच उलथापालथीतून उभे राहिले, आणि 1832 मध्ये पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. म्हणजे मूळ प्रश्न वर्गाचा होता; हातचे काम गेलेल्या, जमीन नसलेल्या माणसांनी जगायचे कसे, हा तो प्रश्न. राज्यकर्त्यांनी त्याचे उत्तर अर्थव्यवस्थेत शोधले नाही, ते रक्तात शोधले. अमुक समाजावर हे संकट का आले असे विचारण्याऐवजी अमुक समाज जन्मतःच तसा आहे असे म्हटले, की कोणाचीच जबाबदारी उरत नाही.

साहित्याचा या गोष्टीशी संबंध कायद्याच्याही आधीपासून आहे. 1839 मध्ये लंडनहून एक इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली, ठगाच्या कबुलीजबाबाची. तिचा लेखक फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या सेवेतला अधिकारी होता, आणि पुढे त्याने बेरडांच्या सुरपूर संस्थानातही इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून काम केले. कादंबरीत अमीर अली नावाचा ठग कैदेत बसून एका साहेबापुढे आपली सगळी कृत्ये सांगतो. पुस्तकभर ‘मी’ आहे, पण तो ‘मी’ साहेबाने लिहिलेला आहे; बोलणारा माणूस साखळदंडात आहे आणि लेखणी ऐकणाऱ्याच्या हातात आहे. ती इंग्लंडमध्ये आवडीने वाचली गेली, आणि हिंदुस्थानात गुन्हेगारीची जणू घराणी असतात ही समजूत घट्ट करण्यात अशा लेखनाचा वाटा मोठा होता. विशेष म्हणजे कादंबरीतला अमीर अली जन्माने ठग नाहीच. ठगांनी ज्या प्रवाशांचा खून केला त्यांचे ते लहान मूल होते, आणि एका ठगाने त्याला सांभाळून वाढवले. त्याचे ठग होणे संगतीतून आणि शिकवणीतून आले, रक्तातून नव्हे, असे कादंबरीच सांगते. पण पूर्वग्रह बाळगून वाचणाऱ्याला पुस्तकात लिहिलेलेसुद्धा दिसत नाही.

मराठीत या समाजांचे चित्रण पुष्कळ उशिरा, आणि आधी बाहेरून, सुरू झाले. 1949 च्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये धर्मा रामोशी भेटतो. अंगावर घालायला धड वस्त्र नाही म्हणून त्याची मुलगी झोपडीबाहेर येऊ शकत नाही, आणि निवेदकाने धर्माला दिलेले जुने धोतर शेवटी त्या मुलीच्या अंगावर दिसते. मराठी गद्यात दारिद्र्य इतक्या थोड्या शब्दांत आणि इतक्या सभ्यपणे क्वचितच आले आहे. रामोशी म्हटल्यावर वाचकाच्या मनात जो चोर उभा राहतो त्याच्या जागी लेखकाने एक म्हातारा, लाजरा बाप उभा केला, हे त्या काळात लहान काम नव्हते. तरीही पाहणारे डोळे वरच्या घरातले आहेत. धर्मा दयेला पात्र ठरतो, पण तो या दशेला कसा आला हे विचारण्याची जागा त्या चित्रात नाही.

दहा वर्षांनी, 1959 मध्ये, अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ आली, आणि तिने तो प्रश्न विचारला. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. मातंग समाजाची हजेरी, दुष्काळात उपाशी पडलेली वस्ती आणि इंग्रजांचा खजिना लुटणारा नायक हे सगळे तिच्यात एकाच धाग्यात येते. सरकारी दप्तरात ज्याला दरोडा म्हटले असते, त्याला इथे भुकेल्यांच्या वाट्याचे धान्य म्हटले आहे. अण्णा भाऊ कामगार चळवळीत वाढलेले होते, म्हणून वर्गाची बाजू त्यांना इतकी लख्ख दिसली. आणि ते वाटेगावच्या मातंग घरात जन्मलेले होते, म्हणून जातीची बाजू त्यांनी वर्गाच्या पोटात दडवली नाही. माझ्या मते मराठीत या दोन्ही गोष्टी एकत्र धरण्याची खरी सुरुवात इथे आहे. मात्र फकिरा हा वीर आहे. वीर नसलेल्या, भेकड, लाचार, कधी खरोखर चोरी करणाऱ्या माणसाने ‘मी’ म्हणून बोलायला अजून वीस वर्षे जायची होती.

तो ‘मी’ 1980 मध्ये लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त बोलू लागला. त्यानंतरच्या वर्षांत दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’, भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’, किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’, विमल मोरे यांचे ‘तीन दगडांची चूल’, अशोक पवार यांचे ‘बिराड’ अशी पुस्तके येत गेली. ही शीर्षके एका खाली एक लिहून पाहावीत. काही पाठीवरच्या किंवा गाढवावरच्या संसाराची नावे आहेत आणि काही लोकांनी ठेवलेली नावे आहेत, जी हाक मारताना शिवीसारखी वापरली जात. लेखकांनी ती बदलली नाहीत, लपवली नाहीत, मुखपृष्ठावर छापली. ‘उचल्या’चे इंग्रजी भाषांतर झाले तेव्हा त्याला ‘द ब्रँडेड’, म्हणजे डाग दिलेला, असे नाव देण्यात आले. ते समर्पक आहे, पण मूळ शब्दातला चटका त्यात नाही; डाग कोणीतरी देतो, तर ‘उचल्या’ ही जणू माणसाची स्वतःचीच व्याख्या होऊन बसते.

‘उपरा’चे जग कैकाड्यांचे आहे. फोकाच्या टोपल्या आणि कणगी विणायच्या, गाढवांवर बिऱ्हाड लादायचे आणि गावोगाव पाल ठोकायचे. इथे दलित आत्मकथनांपासूनचा एक फरक नीट पाहायला हवा. महारवाडा गावकुसाबाहेर होता, त्याच्यावर अन्याय अमानुष होता, पण गावगाड्यात त्याला बलुत्याचे नाते होते. जागा हीन होती, तरी ती नेमून दिलेली होती. पालात राहणाऱ्याला ती हीन जागासुद्धा नव्हती. तो कुठल्याच गावाचा नव्हता, म्हणून त्याच्याकडे जमीन नव्हती, घराचा उतारा नव्हता, जन्माची नोंद नव्हती, आणि पुढे मतदार यादीत, शिधापत्रिकेवर किंवा शाळेच्या दाखल्यावर नाव घालायची वेळ आली तेव्हा दाखवायला काहीच नव्हते. ‘उपरा’ या एका शब्दात ही सगळी कागदपत्रांची पोकळी मावते. या पुस्तकाला 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

1987 चे ‘उचल्या’ मला या सर्व पुस्तकांत सर्वांत धीट वाटते, आणि म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो. जन्मतारीख नाही, घर नाही, शेत नाही, अशा अवस्थेत आपण जन्मलो असे सांगूनच लक्ष्मण गायकवाड सुरुवात करतात. लातूरजवळचे धनेगाव हे त्यांचे गाव. आजोबांना द्यावी लागणारी हजेरी, घरावर पडणारे पोलिसांचे छापे, बायकामुलांसमोर होणारी मारहाण हे सगळे ते लिहितातच. पण त्याबरोबर घरात चोरीचे शिक्षण कसे दिले जाई, लहान मुलाला मार खाऊनही तोंड न उघडण्याची सवय कशी लावली जाई, हेही लपवत नाहीत. इथेच वाचकाची परीक्षा होते. ‘पाहा, हे लोक खरेच चोऱ्या करत होते’ असे म्हणून कोणी पुस्तक मिटू शकतो. पण पुढे वाचले की दिसते, चोरीच्या मालातला हप्ता पोलिसांकडे जातो. चोरीचा माल स्वस्तात घेणारे लोक गावात प्रतिष्ठित म्हणून वावरतात. आणि कोणी चोरी सोडून मजुरीला लागायचे ठरवले, तर जात कळताच त्याला काम मिळत नाही. चोरी ही या साखळीतली एक कडी आहे, आणि शिक्षा फक्त त्या एका कडीला होते. लेखक स्वतः लातूरच्या सूतगिरणीत कामगार झाले. त्यांच्या आयुष्याचा हा भाग वाचताना वर्ग आणि जमात यांतला फरक हाताला लागतो. एकाच यंत्रापुढे उभे असलेले, एकच पगार घेणारे दोन कामगार वर्गाने सारखे असतात; पण गिरणीत काही हरवले तर झडती त्यांपैकी कोणाची आधी होईल, हे पगारावरून ठरत नाही.

आता टेलरच्या कादंबरीशेजारी ‘उचल्या’ ठेवून पाहा. दोन्हींत एक माणूस आपली आणि आपल्या लोकांची कृत्ये सांगतो. पहिल्यात तो कैदी म्हणून सांगतो, समोर अधिकारी आहे, आणि त्याच्या शब्दांचा शेवट त्याच्याविरुद्धच्या पुराव्यात होतो. याला आपण कबुलीजबाब म्हणतो. दुसऱ्यात तोच तपशील आहे, पण लेखणी स्वतःच्या हातात आहे, आणि म्हणून मारणारा, हप्ता घेणारा, काम नाकारणारा हे सगळेही साक्षीच्या पिंजऱ्यात येतात. याला आपण आत्मकथन म्हणतो. आत्मचरित्र हा रूढ शब्द असताना मराठी समीक्षेत या लेखनासाठी ‘आत्मकथन’ हा शब्द रुजला, तो मला योग्य वाटतो. यशस्वी माणसाने मागे वळून पाहणे वेगळे आणि आयुष्याच्या मध्यावर उभे राहून साक्ष देणे वेगळे.

या पुस्तकांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की, ती एकसुरी आहेत, तीच भूक आणि तोच मार. मला हा आक्षेप पटत नाही, कारण ज्यांनी ती नीट वाचली आहेत त्यांना समाजांतले फरक ठळक दिसतात. कोल्हाटी समाजात पैसा मुलीच्या नाचण्यातून घरात येतो, म्हणून तिथे घर चालवणारी बाई आहे, पण तिच्या आयुष्याचे निर्णय बाप आणि भाऊ घेतात; बाहेरचा श्रीमंत पुरुष तिला ठेवतो आणि तिच्या मुलाला आपले नाव देत नाही. 1994 मध्ये आलेल्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या पुस्तकाचे लेखक तमासगीर आईच्या पोटी जन्मले, पुढे डॉक्टर झाले, आणि जिथे बापाचे नाव लावायची रीत आहे तिथे त्यांनी शांताबाई हे आईचे नाव लावले. शाळेच्या अर्जात बापाच्या नावाचा रकाना रिकामा राहिला की मुलाचे काय होते, हे त्या पुस्तकाइतके कोणी सांगितलेले नाही.

पूर्वग्रह फक्त वरून खाली येतो असेही ही पुस्तके म्हणत नाहीत, आणि हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे. जातपंचायतीचे दंड, वाळीत टाकणे, आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याला दोन्ही बाजूंनी मिळणारा नकार हे ‘उपरा’त स्पष्ट आले आहे. बाहेरच्या न्यायालयात ज्यांना न्याय मिळण्याची आशा नव्हती, त्यांनी स्वतःची पंचायत जपली हे समजण्यासारखे आहे. पण ती पंचायत आपल्याच दुबळ्या माणसांवर, विशेषतः बायकांवर, कशी उलटली हेही तितकेच खरे आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला तो 2016 मध्ये.

भाषेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. कैकाड्यांची घरातली बोली द्राविडी कुळातली आहे, पारध्यांची गुजरातीला जवळची, वडारांची तेलुगूसारखी, बंजाऱ्यांची गोरबोली स्वतंत्रच. म्हणजे ज्याला आपण मराठी आत्मकथन म्हणतो, त्याच्या लेखकाने पुष्कळदा शाळेत शिकलेल्या दुसऱ्या भाषेत आपले आयुष्य लिहिले आहे. या बोली पोलिसांच्या दप्तरात चोरांची गुप्त भाषा म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. आई मुलाला झोपवताना जे शब्द म्हणते, तेच शब्द कोणाच्या तरी नोंदवहीत पुरावा म्हणून जमा होते, हे लक्षात ठेवून त्या पुस्तकांतले बोलीचे संवाद वाचले, तर ते केवळ गावरान रंग भरण्यासाठी आलेले नाहीत हे कळते.

31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला, म्हणून या समाजांना विमुक्त म्हणतात आणि हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्यात 1959 मध्ये. ओळख ठरवण्याचा अधिकार मात्र कागदाकडेच राहिला. विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत येतात आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. बंजारे तेलंगणात अनुसूचित जमात आहेत, कर्नाटकात अनुसूचित जात आणि महाराष्ट्रात विमुक्त जात. एकच बोली बोलणाऱ्या, एकमेकांत सोयरीक करणाऱ्या माणसांना जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द ओलांडली की वेगळी ओळख लागते.

फेब्रुवारी 1998 मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर हा तरुण कोठडीत मरण पावला. खेडिया शबर हीही कधीकाळी गुन्हेगार ठरवली गेलेली जमात. बंगाली लेखिका महाश्वेता देवी यांनी हे प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयापर्यंत नेले आणि न्यायालयाने त्याच्या पत्नीला नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, भाषाअभ्यासक गणेश देवी आणि ‘उचल्या’चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी एकत्र येऊन संघटना उभी केली. अहमदाबादच्या छारानगरमध्ये राहणारा छारा समाज हा महाराष्ट्रातल्या कंजारभाटांचा सोयरा. तिथल्या तरुणांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक बसवले आणि 31 ऑगस्ट 1998 रोजी ते सादर केले. पुरुलिया त्यांच्या वस्तीपासून फार दूर होते, आणि बंगाली ही त्यांची भाषा नव्हती. पण रंगमंचावर पोलीस दार ठोठावतो तेव्हा आतल्या माणसाने कसे उठायचे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.